पास्ट व पास्ता (संगणक आज्ञावली)

पास्ट ही लिनक्स संचालन प्रणालीसाठी सी भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत आज्ञावली आहे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, आणि कंटेनर यांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडण्याचे काम ती करते. हे काम करताना यजमान संगणकाच्या प्रशासकाचे, म्हणजे 'रूट' वापरकर्त्याचे, अधिकार तिला लागत नाहीत. हेच तिचे वैशिष्ट्य. आभासी संगणकांसाठी ती पास्ट या नावाने व कंटेनरांसाठी पास्ता या नावाने चालवली जाते. दोन्ही नावांमागे एकच प्रोग्राम असतो. पास्ता ही पास्टकडे निर्देश करणारी दुवा-फाइल असून, आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली गेली हे पाहून प्रोग्राम आपले वर्तन ठरवतो.

या आज्ञावलीचा विकास रेड हॅट या कंपनीतील स्टेफानो ब्रिव्हियो यांनी २०२० मध्ये सुरू केला. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉडमन ५.० पासून, प्रशासकीय अधिकारांविना चालणाऱ्या कंटेनरांसाठी पॉडमन पास्ताचाच वापर करतो. त्यामुळे अनेक वापरकर्त्यांच्या संगणकावर ही आज्ञावली त्यांनी मुद्दाम न बसवताही आलेली असते.

पार्श्वभूमी

लिनक्समध्ये नेटवर्कची मांडणी बदलणे हे पूर्वापार प्रशासकाचे काम मानले गेले आहे. नवा इंटरफेस तयार करणे, त्याला पत्ता देणे, इंटरफेस एकमेकांना पुलाने जोडणे, फायरवॉलचे नियम बदलणे अशा गोष्टींसाठी कर्नल 'कॅप नेट ॲडमिन' नावाची क्षमता मागतो. ही खबरदारी सकारण आहे. अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर एखाद्या सामान्य वापरकर्त्याला ही मुभा मिळाली, तर तो इतरांची वाहतूक स्वतःकडे वळवू शकेल, दुसऱ्याचा पत्ता आपलाच म्हणून सांगू शकेल किंवा सर्वांची जोडणी एकदम तोडू शकेल.

आभासी संगणक व कंटेनर यांची गरज मात्र नेमकी हीच असते. प्रत्येक पाहुण्याला स्वतःचे नेटवर्क कार्ड, स्वतःचा पत्ता आणि बाहेर जाण्याची वाट हवी असते. पारंपरिक पद्धतीत यजमान संगणकावर एक पूल उभारला जातो आणि प्रत्येक पाहुण्यासाठी टॅप किंवा व्हेथ प्रकारचा इंटरफेस त्याला जोडला जातो. ही मांडणी वेगवान व भरवशाची आहे, पण ती उभारणारा प्रशासक असावा लागतो. डॉकरची मूळ रचना याच प्रकारची असल्याने तिची पार्श्वसेवा रूटच्या नावाने चालते. आणि 'डॉकर' गटात एखाद्याला सामील करणे म्हणजे त्याला रूटच्या तोडीचे अधिकार देणे होय, असा इशारा डॉकरच्या अधिकृत दस्तऐवजांतच दिलेला आहे. महाविद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या सामाईक सर्व्हरवर विद्यार्थ्यांना कंटेनर चालवू द्यायचे की नाही, हा प्रश्न बहुतेकदा येथेच अडतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.८ या कर्नलने या प्रश्नाचा अर्धा भाग सोडवला. या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्याला स्वतःची 'युजर नेमस्पेस' तयार करता येऊ लागली. नेमस्पेस म्हणजे कर्नलने आखून दिलेले वेगळे दालन. त्यातील प्रक्रियांना संचालन प्रणालीचे त्या दालनापुरतेच चित्र दिसते. आपल्या युजर नेमस्पेसमध्ये वापरकर्ता रूट ठरतो. तिच्या जोडीला तो नेटवर्क नेमस्पेसही निर्माण करू शकतो, तीत टॅप इंटरफेस बनवू शकतो, हवा तो पत्ता देऊ शकतो, फायरवॉलही लावू शकतो. परंतु या सर्व सत्तेचा बाहेर काहीच उपयोग नसतो. व्हेथ जोडीचे एक टोक यजमानाच्या नेटवर्कमध्ये ठेवायचे म्हटले, की पुन्हा यजमानाकडचे अधिकार लागतात. थोडक्यात, कर्नल वापरकर्त्याला एका खोलीचा राजा करतो, पण त्या खोलीला दार ठेवत नाही.

उरतो तो एकच मार्ग. वेबब्राउझर किंवा ईमेलचा प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा तो कर्नलकडून एक सॉकेट मागून घेतो. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. म्हणून एखादी प्रक्रिया एका हाताने दालनातील टॅप इंटरफेस धरून ठेवील आणि दुसऱ्या हाताने यजमानाच्या बाजूस साधे सॉकेट उघडील, तर ती दोहोंमधील दुभाष्याचे काम करू शकते. पाहुण्याने पाठवलेली कच्ची इथरनेट फ्रेम वाचायची, ती कोणत्या जोडणीची आहे हे ओळखायचे आणि तिच्यातील मजकूर योग्य त्या सॉकेटमध्ये टाकायचा. उलट दिशेने येणाऱ्या मजकुरावर पुन्हा फ्रेमचे वेष्टन चढवायचे. या वर्गातील सर्व साधने याच कल्पनेवर उभी आहेत.

पूर्वीची साधने

ही कल्पना कंटेनरांहून बरीच जुनी आहे. १९९० च्या दशकात टेलिफोनवरून इंटरनेट घेणाऱ्या अनेकांकडे केवळ 'शेल खाते' असे, म्हणजे दूरच्या संगणकावर अक्षरे टंकून आज्ञा देण्याची सोय. स्वतःच्या संगणकाला आयपी पत्ता मिळवून देणारे खाते महाग असे. भारतातही विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा शेल खाते आणि टीसीपी/आयपी खाते असे दोन प्रकार होते व पहिला स्वस्त होता. डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी १९९५ च्या सुमारास लिहिलेली स्लर्प ही आज्ञावली शेल खात्यात चालवली, की ती वापरकर्त्याच्या संगणकाकडून येणारी पॅकेट उलगडून दूरच्या संगणकावर साध्या सॉकेटांमार्फत पुढे पाठवी आणि साध्या खात्यावरच पूर्ण इंटरनेटचा भास निर्माण करी. त्यासाठी तिने बीएसडी युनिक्सच्या कर्नलमधील टीसीपीची जवळजवळ संपूर्ण यंत्रणाच उचलून आपल्यात घेतली होती.

डायल-अप जोडण्या मागे पडल्या तरी स्लर्पचा कोड टिकला. क्यूईएमयू या अनुकारकाने आभासी संगणकांसाठी 'युजर नेटवर्किंग' म्हणून तो स्वीकारला; व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीचा पायाही तोच आहे. आभासी संगणक सुरू करून त्याचा पत्ता पाहिला, की पुष्कळदा १०.०.२.१५ हाच पत्ता दिसतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ झालेला हा आकडा खरे तर डायल-अपच्या काळातील स्लर्पचा वारसा आहे. २०१९ मध्ये हा कोड क्यूईएमयूपासून वेगळा काढून लिबस्लर्प नावाचे स्वतंत्र ग्रंथालय करण्यात आले.

कंटेनरांसाठी हीच यंत्रणा वापरणारे स्लर्प-फोर-नेटएनएस हे साधन अकिहिरो सुदा यांनी २०१८ मध्ये तयार केले. रूटविना चालणारे पॉडमन आणि डॉकर प्रत्यक्षात आले ते मुख्यतः त्याच्या बळावर, हे नमूद करणे आवश्यक आहे. तथापि जुन्या पायाच्या मर्यादा त्यालाही होत्या. पाहुण्याची प्रत्येक जोडणी पत्ता बदलून, म्हणजे नॅटमधून जात असे. शिवाय पॉडमनमध्ये बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या रूटलेसपोर्ट नावाच्या वेगळ्या मध्यस्थामार्फत नेल्या जात, आणि तेथे येणाऱ्याचा खरा पत्ता हरवत असे. कंटेनरमधील वेबसर्व्हरच्या नोंदवहीत जगभरचे सर्व अभ्यागत एकाच अंतर्गत पत्त्यावरून आल्यासारखे दिसत. त्रास देणारा पत्ता रोखायचा तर तो कळायलाच मार्ग नसे.

दुसरा पर्याय सेटयूआयडी मदतनिसांचा होता. एलएक्ससीचा युजर-निक किंवा क्यूईएमयूचा ब्रिज-हेल्पर हे छोटे प्रोग्राम कोणीही चालवले तरी काही क्षण रूटचे अधिकार धारण करतात, यजमानाच्या पुलाला एक इंटरफेस जोडून देतात आणि थांबतात. वेगाच्या दृष्टीने ही सोय चांगली आहे; पण ती प्रशासकाने आधी करून ठेवावी लागते, म्हणून तिला खऱ्या अर्थाने विशेषाधिकारमुक्त म्हणता येत नाही.

नाव, परवाना व प्रसार

पास्ट हे 'प्लग अ सिंपल सॉकेट ट्रान्सपोर्ट' या शब्दांचे आणि पास्ता हे 'पॅक अ सटल टॅप ॲब्स्ट्रॅक्शन' या शब्दांचे लघुरूप आहे. जर्मन भाषेत पास्ट या क्रियापदाचा अर्थ 'बसते', 'जमते' असा होतो. दुसऱ्या नावाला स्पष्टीकरणाची गरज नाही. मात्र शोधयंत्रात ते नाव टाकल्यास पाककृतीच अधिक सापडतात, ही अडचण खरी आहे.

आज्ञावली सुरुवातीस ॲफेरो जीपीएल परवान्याखाली होती. २०२३ मध्ये तिचा परवाना जीपीएल आवृत्ती २ किंवा त्यापुढील असा करण्यात आला. आवृत्त्यांना चढते क्रमांक नसून प्रसिद्धीचा दिनांक हाच आवृत्तीची ओळख असतो. डिसेंबर २०२२ मधील क्यूईएमयू ७.२ मध्ये पास्टशी थेट जोडले जाण्याची सोय झाली. त्यापूर्वी क्यूरॅप नावाचा एक जोडप्रोग्राम मध्ये घालावा लागे. जानेवारी २०२३ मधील लिबव्हर्ट ९.०.० ने आणि त्याच वर्षी पॉडमन ४.४ ने तिला पर्याय म्हणून मान्यता दिली.

रचना

स्लर्प व पास्ट यांच्यातील मुख्य फरक टीसीपीच्या हाताळणीत आहे. स्लर्पमध्ये टीसीपीची स्वतःची पूर्ण यंत्रणा असते: पाठवलेला मजकूर पोच मिळेपर्यंत साठवून ठेवणे, हरवल्यास पुन्हा पाठवणे, वेग कमीजास्त करणे हे सर्व ती स्वतः करते. पण ही सर्व कामे पाहुण्याचा कर्नल एका बाजूने आणि यजमानाचा कर्नल दुसऱ्या बाजूने करीतच असतो. मधल्या दुभाष्याने ती तिसऱ्यांदा करण्याचे कारण नाही, ही पास्टची भूमिका आहे.

म्हणून पास्ट पाहुण्यासाठी आलेला मजकूर स्वतःजवळ साठवत नाही. यजमानाच्या सॉकेटमध्ये आलेली माहिती तो 'डोकावून' वाचतो, म्हणजे वाचूनही ती कर्नलच्या साठ्यातच राहू देतो, आणि तिची फ्रेम करून पाहुण्याकडे पाठवतो. पाहुण्याने पोच दिल्यावरच ती माहिती साठ्यातून काढली जाते. पोच न आल्यास तीच माहिती पुन्हा वाचून पाठवता येते. वेगळ्या प्रतीची गरज पडत नाही. उलट दिशेने, पाहुण्याच्या मजकुराची पोच देताना पलीकडच्या संगणकाने खरोखर किती माहिती स्वीकारली हे तो कर्नलला विचारून घेऊ शकतो. दोन्ही टोकांची गती अशा रीतीने परस्परांना कळते. डोकावून वाचताना दरवेळी सुरुवातीपासून वाचावे लागू नये यासाठी टीसीपी सॉकेटांवर आवश्यक असलेली सोय लिनक्स ६.९ या कर्नलमध्ये समाविष्ट झाली. ही भर याच प्रकल्पाच्या गरजेतून पडली.

पत्त्यांच्या बाबतीतही वेगळी वाट धरली आहे. पास्ट पाहुण्याला १०.०.२.१५ सारखा कृत्रिम पत्ता देण्याऐवजी यजमानाचाच पत्ता, त्याचेच प्रवेशद्वार आणि त्याचेच नामसेवक देतो. त्यासाठी डीएचसीपी, डीएचसीपीव्ही६ आणि शेजारी-शोधाच्या विनंत्यांना उत्तरे देणारे छोटे भाग त्यात आहेत. पाहुण्याचा पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता एकच असल्याने नॅटची आवश्यकताच उरत नाही, आणि आयपीव्ही६ ची जोडणी आयपीव्ही४ इतक्याच सहजतेने चालते. बाहेरून येणाऱ्याचा पत्ताही फ्रेममध्ये जसाच्या तसा उतरवला जातो, त्यामुळे वर उल्लेखिलेली नोंदवहीची अडचण येथे उद्भवत नाही. टॅप इंटरफेसवरील पॅकेटची कमाल मर्यादा मूलतः ६५,५२० बाइट ठेवलेली असते. मोठी पॅकेट म्हणजे थोड्या फेऱ्या. पारदर्शक वेगाचा बराचसा भाग या एका निवडीतून येतो.

पास्ताच्या रूपात आणखी एक जवळचा रस्ता उपलब्ध होतो. कंटेनर यजमानाच्याच कर्नलवर चालत असल्याने, लूपबॅकवरील स्थानिक जोडण्यांसाठी फ्रेम बनवण्याचा खटाटोप टाळता येतो. अशा वेळी पास्ता दोन्ही बाजूंना सॉकेट उघडतो व 'स्प्लाइस' या कर्नल-सुविधेने एका सॉकेटमधील मजकूर थेट दुसऱ्यात वळवतो. हा मजकूर प्रोग्रामच्या स्मृतीतून जातही नाही.

स्थापना

फेडोरा, डेबियन, उबुंटू, आर्च, ओपनसुसे, अल्पाइन इत्यादी प्रमुख वितरणांच्या भांडारांत पास्ट याच नावाचे पॅकेज उपलब्ध आहे आणि त्यातच पास्ताही येतो. फेडोरात एसईलिनक्सची नियमावली सोबतच्या उप-पॅकेजमधून मिळते. पॅकेज बसवण्यापुरते प्रशासकाचे अधिकार लागतात. एकदा ते बसले, की त्या संगणकावरील प्रत्येक वापरकर्ता आज्ञावली आपापल्या नावाने चालवू शकतो.

प्रशासकाची मदत मिळणे शक्य नसल्यास आज्ञावली स्रोतापासून बांधता येते. प्रमाण सी ग्रंथालयाखेरीज तिला कशाचीही पूर्वअट नाही. सी संकलक आणि 'मेक' हे साधन असले की काही क्षणांत ती तयार होते आणि वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेतून चालते. जीएनयूच्या सी ग्रंथालयाबरोबर तसेच मसल या लहान ग्रंथालयाबरोबरही ती बांधली जाते. एक्स८६-६४ प्रकारच्या प्रोसेसरांसाठी एव्हीएक्स२ सूचनांचा उपयोग करणारी दुसरी प्रतही तयार होते. प्रोसेसर तसा असल्यास मूळ प्रोग्राम सुरू होताच स्वतःच्या जागी तिला बसवतो.

आज्ञावली बसली तरी ती चालेलच असे नाही. पास्तासाठी सामान्य वापरकर्त्याला युजर नेमस्पेस तयार करता येणे अनिवार्य आहे, आणि पास्टही स्वतःला वेगळे ठेवण्यासाठी तिचाच उपयोग करतो. या सुविधेबाबत वितरणांची धोरणे भिन्न राहिली आहेत. डेबियनमध्ये ती अनेक वर्षे बंद ठेवलेली होती व २०२१ मधील डेबियन ११ पासून मूलतः खुली झाली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये अशा नेमस्पेसांची कमाल संख्या शून्य ठेवून ती अडवलेली होती. उबुंटू २४.०४ मध्ये वेगळीच मर्यादा आढळते: नेमस्पेस तयार होते, परंतु ॲपआर्मरच्या यादीत नाव नसलेल्या प्रोग्रामला तीत कोणतेही अधिकार मिळत नाहीत. परिणामी, भांडारातून बसवलेला पास्ता व्यवस्थित चालतो आणि गृहनिर्देशिकेत बांधलेला तोच पास्ता 'परवानगी नाही' असे सांगून थांबतो. प्रोग्राम तोच असताना असे का व्हावे, याचे उत्तर प्रोग्राममध्ये शोधून सापडत नाही. ते ॲपआर्मरच्या धोरणात असते.

पॉडमनसारख्या कंटेनर-साधनांची एक अट याहून निराळी आहे. कंटेनरच्या आत अनेक वापरकर्ते असल्याचा भास निर्माण करायचा, तर यजमानावरील सबयूआयडी व सबजीआयडी या फाइलींत वापरकर्त्याच्या नावे दुय्यम ओळखक्रमांकांचा पट्टा, सामान्यतः ६५,५३६ क्रमांकांचा, राखून ठेवलेला असावा लागतो. हा भाग प्रशासकाचा आहे. नेटवर्कसाठी तो लागत नाही, परंतु तो नसल्यास कंटेनर उभाच राहत नाही आणि दोष पुष्कळदा नेटवर्कच्या माथी मारला जातो.

इतर आज्ञावलींच्या आवृत्त्यांकडेही लक्ष द्यावे लागते. डेबियन १२ हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या भांडारात पास्ट आहे, क्यूईएमयू ७.२ आणि लिबव्हर्ट ९.०.० आहेत, म्हणून आभासी संगणकांसाठी सर्व काही जुळते. पॉडमन मात्र ४.३ असल्याने त्याला पास्ता माहीतच नाही. तेथे कंटेनरांसाठी स्लर्प-फोर-नेटएनएसवरच राहावे लागते.

वापर

पॉडमन ५.० व त्यापुढे वापरकर्त्याला वेगळे काही करावे लागत नाही. कंटेनर सुरू होताना पॉडमन स्वतःच पास्ता सुरू करतो, मागितलेली पोर्ट त्याला कळवतो आणि कंटेनरबरोबर तोही संपतो.

आभासी संगणकासाठी आधी पास्ट सुरू केला जातो. तो टेम्प निर्देशिकेत एक युनिक्स सॉकेट निर्माण करून पार्श्वभूमीत जातो. क्यूईएमयूला 'स्ट्रीम' प्रकारचे नेटवर्क साधन निवडून त्या सॉकेटचा मार्ग दिला, की पाहुण्याला डीएचसीपीने पत्ता मिळतो. एक पास्ट एकाच पाहुण्याची सेवा करतो. लिबव्हर्टमध्ये हीच जुळणी आभासी संगणकाच्या एक्सएमएल वर्णनात, 'युजर' प्रकारच्या इंटरफेसला पास्ट हा पाया नेमून होते.

पास्ता स्वतंत्रपणेही उपयोगी पडतो. नुसते त्याचे नाव टंकले, तर तो नवे दालन तयार करून त्यात शेल उघडतो. येथे नवशिक्यांची हमखास फसगत होते: या शेलमध्ये इंटरफेस दिसतो, पण त्याला पत्ता नसतो आणि काहीच चालत नाही. आत डीएचसीपीचा ग्राहक चालवावा किंवा सुरुवातीलाच 'कॉन्फिग-नेट' हा पर्याय द्यावा, म्हणजे पत्ता व मार्ग पास्ताच भरून देतो. एकदा हे झाले, की आत मार्गनिर्देशन बदलणे, फायरवॉलचे नियम लिहिणे, पॅकेटची नोंद घेणे असे प्रयोग यजमानाला धक्का न लावता करता येतात. नेटवर्क विषयाच्या प्रात्यक्षिकांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला रूटचा परवलीचा शब्द देण्यापेक्षा हा उपाय पुष्कळच बरा.

पोर्ट पुढे पाठवण्याची मूळ स्थिती दोन्ही रूपांत सारखी नाही. पास्ट सांगितल्याशिवाय एकही पोर्ट उघडत नाही. स्वतंत्रपणे चालवलेला पास्ता मात्र आत व बाहेर कोणती पोर्ट ऐकत आहेत हे वेळोवेळी पाहून ती आपोआप जोडतो. सोय म्हणून हे ठीक आहे, पण सामाईक संगणकावर हा पर्याय जाणीवपूर्वक ठरवणे इष्ट.

सुरक्षा

पाहुण्याकडून येणारी प्रत्येक फ्रेम अविश्वसनीय समजावी लागते, कारण पाहुण्यात घुसखोर असू शकतो. ती फ्रेम उलगडणाऱ्या कोडमध्ये चूक असेल तर पाहुण्यातून यजमानात शिरण्याची वाट मिळते. ही भीती काल्पनिक नाही. सीव्हीई-२०१९-६७७८ या नोंदीतील दोष स्लर्पच्या ज्या भागात सापडला, तो भाग डायल-अप काळातील काही प्रोटोकॉलांना नॅटमधून वाट करून देण्यासाठी लिहिलेला होता. २०१९ मध्ये त्यांतील बहुतेकांचा उपयोगही कोणी करीत नव्हते. त्याच वर्षी सीव्हीई-२०१९-१४३७८ या नोंदीने पॅकेटचे तुकडे जुळवणाऱ्या भागातील स्मृतीची चूक उघड केली. स्लर्प क्यूईएमयूच्याच प्रक्रियेत चालत असल्यामुळे अशा चुकीचा फायदा घेणाऱ्याच्या हाती क्यूईएमयूची संपूर्ण प्रक्रियाच लागते.

पास्ट ही वेगळी प्रक्रिया आहे आणि ती स्वतःला पद्धतशीरपणे दुबळी करून घेते. सुरू होताच ती रिकाम्या फाइलप्रणालीत जाऊन बसते, उरलेल्या क्षमता सोडून देते आणि सेकॉम्पच्या साहाय्याने ठराविक थोड्या कर्नल-आवाहनांखेरीज बाकी सर्व वर्ज्य करते. कोणत्या आवाहनांची गरज आहे हे स्रोतातील टिपांमध्येच लिहिलेले असते व बांधणीच्या वेळी त्यावरून यादी तयार होते. यामुळे कोड आणि यादी यांच्यात तफावत पडण्याची शक्यता कमी होते. स्मृतीची मागणी चालू असताना केली जात नाही, सर्व तक्ते आधीच आखलेले असतात. स्मृतिव्यवस्थापनातील चुकांचा एक मोठा वर्ग यामुळे मुळातच टळतो. रूटने आज्ञावली चालवल्यास ती 'नोबडी' या वापरकर्त्याचे रूप घेते. रूटचे अधिकार मिळत असतानाही ते नाकारणारी आज्ञावली विरळाच.

प्रशासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. पाहुण्याची प्रत्येक जोडणी ही यजमानावर त्या वापरकर्त्याच्याच एका प्रक्रियेची जोडणी असते. म्हणून वापरकर्त्यावर लागू असलेले फायरवॉलचे नियम त्याच्या कंटेनरांनाही लागू पडतात, आणि कोणाच्या खात्यातून काय चालले आहे हे नेहमीच्या साधनांनी पाहता येते.

मर्यादा

सॉकेट हेच एकमेव दार असल्याने सॉकेटला जे जमत नाही ते पाहुण्यालाही मिळत नाही. टीसीपी, यूडीपी आणि पिंगसाठी लागणारा आयसीएमपी प्रतिध्वनी एवढेच चालते. पिंगसाठीही यजमानाच्या 'पिंग ग्रुप रेंज' या मांडणीत वापरकर्त्याचा गट समाविष्ट असावा लागतो, अन्यथा इंटरनेट चालू असूनही पिंग मात्र निष्फळ ठरतो. १०२४ पेक्षा लहान क्रमांकाची पोर्ट सामान्य वापरकर्त्याला उघडता येत नाहीत, त्यामुळे कंटेनरमधील वेबसर्व्हर ८० ऐवजी ८०८० सारख्या पोर्टवर न्यावा लागतो. लिनक्स ४.११ पासून ही सीमा खाली आणता येते, परंतु तो निर्णय प्रशासकाचा.

यजमानाचाच पत्ता पाहुण्याला दिल्याचा एक तोटाही आहे. कंटेनरने त्या पत्त्यावर जोडणी केली की ती त्याच्या स्वतःकडेच वळते. त्या पत्त्याने यजमानापर्यंत पोहोचता येत नाही. विकास करताना यजमानावरील डेटाबेसला जोडू पाहणाऱ्यांना ही अडचण वारंवार आली. पास्ट मूलतः प्रवेशद्वाराच्या पत्त्याला यजमानाचा लूपबॅक मानतो, पण पॉडमन ही वाट सुरक्षिततेसाठी बंद ठेवतो. पुढे पास्तात यजमानासाठी वेगळा पत्ता नेमण्याची सोय झाली आणि पॉडमन ५.३ पासून १६९.२५४.१.२ हा पत्ता त्यासाठी वापरला जातो.

अनेक कंटेनरांनी परस्परांशी बोलायचे असल्यास पास्ता एकटा पुरत नाही. पॉडमन अशा वेळी एका सामाईक दालनात पूल उभारतो व ते दालन पास्ताने बाहेर जोडतो. या मांडणीत पॉडमनच्या पाचव्या आवृत्तीतही आत येणाऱ्या जोडण्या जुन्या रूटलेसपोर्टमार्फत जातात, आणि अभ्यागताचा पत्ता हरवण्याची समस्या तेथे परत डोके वर काढते. शुद्ध वेगाचा विचार करता कर्नलमधील पूल अजूनही पुढे आहे, कारण तेथे प्रत्येक पॅकेटसाठी प्रोग्रामकडे जाऊन परतण्याचा फेरा पडत नाही. आभासी संगणकांच्या बाबतीत हा फेरा कमी करण्यासाठी पास्टमध्ये व्हीहोस्ट-युजर ही सामाईक स्मृतीची पद्धत अंतर्भूत करण्यात आली.

चालू आभासी संगणक एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवताना त्याच्या टीसीपी जोडण्या टिकवणे हे काम मात्र सामान्य अधिकारांत बसत नाही, कारण सॉकेटची अंतर्गत अवस्था उचलून दुसरीकडे मांडण्यासाठी कर्नल 'कॅप नेट ॲडमिन' क्षमता मागतो. यासाठी २०२५ मध्ये पास्ट-रिपेअर हा छोटा स्वतंत्र मदतनीस तयार करण्यात आला. ती क्षमता त्याच्याकडेच असते, तो स्थलांतराच्या वेळेपुरताच चालतो, आणि मुख्य प्रक्रिया तेव्हाही विशेषाधिकारांविनाच राहते.